रविवारचा नाश्ता माथेरानला

ठाण्यातल्या मोठ्या हॉटेलांच्या जाहिरातींत 'संडे ब्रंच' हा शब्द आता सारखा दिसतो. ब्रेकफास्ट आणि लंच यांना जोडून केलेला हा शब्द तसा जुना आहे. 1895 साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने एका साप्ताहिकात तो मांडला. त्याचं म्हणणं साधं होतं. रविवारी माणूस उशिरा उठतो, मग सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण वेगवेगळं कशाला? अकराच्या सुमारास एकदाच निवांत बसावं, खावं, गप्पा माराव्यात.

आपल्या घरांना हे शिकवायला इंग्रज यायची गरज नव्हती. राबोडीत जा, मुंब्रा-कौशात जा, कल्याणच्या दूध नाक्यावर किंवा भिवंडीत जा. रविवारी फजर पढून पुन्हा डोळा लागतो आणि साडेदहाला दस्तरखान पसरला जातो. कुणाकडे पाया, कुणाकडे खिमा-पाव. कोकणी घरांत तांदळाच्या भाकऱ्या आणि रात्रीचं मटण. शनिवारी लग्नाला जाऊन आले असतील तर तिथून आलेली बिर्याणी पुन्हा गरम केलेली, आणि तिच्याइतका चांगला नाश्ता जगात नाही असं माझं ठाम मत आहे. निहारी हे नावच सकाळशी जोडलेलं आहे. 'निहार मुँह' म्हणजे सकाळी काहीही न खाल्लेलं तोंड. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं मांस फजरनंतर खायचं, ही रीत ब्रंच या शब्दाहून कितीतरी जुनी.

प्रश्न वेगळाच आहे. त्या दस्तरखानावर सगळ्यात शेवटी कोण बसतं? पाया शनिवारी रात्री चढवावा लागतो, भाकऱ्या गरम गरमच लागतात, मुलांना पावाबरोबर अंडं हवं असतं, अब्बूंना चहा दुसऱ्यांदा हवा असतो. सगळ्यांचं होईपर्यंत बारा वाजतात आणि मग घरातली बाई ओट्याशी उभ्याने दोन घास खाते. घराचा सुट्टीचा दिवस तिचा सगळ्यात कामाचा दिवस असतो. म्हणून रविवारी बाहेर जाऊन खाणं ही चैन आहे असं मला वाटत नाही. महिन्यातून एकदा, निदान दोन-तीन महिन्यांतून एकदा, तिने सगळ्यांच्या आधी बसावं आणि दुसऱ्या कुणी तिच्यापुढे ताट ठेवावं, यासाठी जायचं. आणि जायचंच तर मॉलमध्ये कशाला? आपल्या ठाणे-कल्याणकरांना एक अख्खं डोंगरावरचं गाव लोकलच्या पासावर हाताशी आहे.

माथेरान आता रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात मोडतं, पण त्याचा शोध ठाण्याच्या खात्यावर आहे. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि त्यांनी तिथे थंड हवेचं ठिकाण होईल असं ओळखलं. त्या वेळी हा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. उंची सुमारे 800 मीटर. गावात मोटार चालत नाही. 2003 साली केंद्र सरकारने हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, त्याने ही बंदी आणखी पक्की झाली. 2011 च्या जनगणनेत इथली वस्ती 4,393 होती. कल्याणच्या एखाद्या गृहसंकुलात याहून जास्त माणसं राहत असतील, पण इथे नगरपरिषद आहे.

आणि तिथे जाणारी ती छोटी गाडी! मुलांना ती 'टॉय ट्रेन' म्हणून माहीत असते. ती कुणी बांधली हे मात्र त्यांना सांगितलं जात नाही. मुंबईचे दाऊदी बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय हे मूळचे काठियावाडातल्या धोराजीचे. फौजेला तंबू पुरवण्याच्या धंद्यातून त्यांनी मोठी संपत्ती उभी केली. 1897 मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान रेल्वेचं काम अंगावर घेतलं आणि पैसा वडिलांनी घातला. सोळा लाख रुपये, त्या काळातले. 1904 मध्ये काम सुरू झालं आणि मार्च 1907 मध्ये गाडी सुरू झाली. दोन फूट रुंदीचे रूळ, जवळजवळ एकवीस किलोमीटरची वाट, डोंगराला वळसे घालत घालत वर जाणारी. सांगतात असं, की आदमजींना एकदा नेरळला उतरल्यावर वर जायला ना घोडा मिळाला ना पालखी, आणि ते तसेच परत फिरले, तेव्हाच रेल्वेचा निश्चय झाला. दंतकथा असेल, पण रूळ खरे आहेत. 26 जुलै 2005 च्या पावसात ते वाहून गेले, मार्च 2007 मध्ये पुन्हा जोडले गेले. 2019 च्या पावसाने पुन्हा तोडले, ते ऑक्टोबर 2022 मध्ये पूर्ववत झाले.

हे सगळं सांगण्याचं कारण आहे. हिल स्टेशन म्हटलं की आपल्यातली पुष्कळ कुटुंबं जराशी बिचकतात. तिथे आपलं खाणं मिळेल का, हिजाबातल्या बायकांकडे लोक वळून बघतील का, नमाजचं काय, असे प्रश्न मनात येतात. मग डोंगर म्हटला की आपल्याला हाजी मलंगच आठवतो. माथेरानला जाताना एवढं लक्षात असू द्या की त्या गावाला जगाशी जोडणारी वाट एका मुसलमान बाप-लेकांनी स्वतःच्या खिशातून बांधली. तिथे संकोचून वागायचं आपल्याला कारण नाही. वर मलंग पॉइंट नावाची एक जागाही आहे. हवा स्वच्छ असेल तर मलंगगडाचा ओळखीचा सुळका शोधायला मुलांना लावा.

आधी पाय, मग पोट

आता वेळेचं गणित. ब्रंच अकराला करायचा असेल तर फजर पढून तसंच निघायचं. ही सवय आपल्याला आहेच, फक्त त्या दिवशी पुन्हा अंथरुणात शिरायचं नाही. कर्जत किंवा खोपोलीची कोणतीही लोकल नेरळला थांबते. कल्याणहून पाऊण-पन्नास मिनिटं, ठाण्याहून सव्वा तासाच्या आसपास. डोंबिवलीकरांनी कल्याणला गाडी बदलण्यापेक्षा मुंबईहून येणारी कर्जत लोकलच पकडावी.

रविवार म्हणजे मेगाब्लॉक, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला सांगायला नको. पण ब्लॉक बहुतेक वेळा सकाळी अकराच्या आसपास लागतो आणि दुपारी चारच्या सुमारास उठतो. म्हणजे सकाळी सातला निघालेला माणूस आणि साडेचारनंतर परतणारा माणूस दोघेही त्यातून सुटतात. तरी शनिवारच्या पेपरात एकदा बघून ठेवा, नाहीतर दिवा स्टेशनात मुलांना माथेरान समजावून सांगावं लागेल.

नेरळहून वर जायला दोन वाटा. ती छोटी गाडी अडीच-पावणेतीन तास घेते आणि दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात. शिवाय पावसाळ्यात, साधारण 15 जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज हा मोठा टप्पा बंद असतो. गाडीची मजा घ्यायची असेल तर खास त्यासाठीच एक दिवस काढा. ब्रंचच्या दिवशी स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सी करा. घाट चढून ती दस्तुरी नाक्यावर सोडते. त्यापुढे मोटार नाही. तिथे नगरपरिषदेचा माणशी प्रवेश कर भरायचा. जवळच अमन लॉज स्टेशन आहे आणि तिथून माथेरान स्टेशनापर्यंत शटल गाडी पावसाळ्यातही धावते. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास. छोट्या गाडीत बसायची मुलांची हौस या शटलमध्येही भागते.

स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. शनिवार-रविवारी उशीर केला तर घाटात रांग लागते. साडेनऊपर्यंत दस्तुरीला पोहोचलात तर ठीक, नाहीतर नाश्ता गाडीतल्या बिस्किटांवरच होईल.

आजी-आजोबांना चालवत नसेल तर? आजवर इथे माणसं ओढायची हातरिक्षा असायची. पुढे एक माणूस, मागून दोन माणसं लावणारी. त्यात बसताना म्हाताऱ्या माणसालाही लाज वाटायची. आपल्या ओझ्याने दुसऱ्याचा श्वास फुलतोय हे बघत कोण निवांत बसेल? 2022 च्या अखेरीस ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितलं. म्हाताऱ्या माणसांसाठी शटल आणि ई-रिक्षा या दोनच गोष्टींवर भरवसा ठेवा. घोडे आहेत, पण गुडघे दुखणाऱ्याला घोड्यावर चढवणं आणि उतरवणं हाच एक वेगळा कार्यक्रम होतो. दर आधी ठरवा, चढल्यावर नाही.

गावात पोहोचल्यावर लगेच खायला बसू नका. शार्लोट तलावाकडे किंवा लुईझा पॉइंटकडे पायी जाऊन या. सकाळी रस्ते रिकामे असतात, झाडी दाट आहे, धुकं असेल तर फारच छान. रस्ता लाल मातीचा आहे. पांढरी सलवार किंवा जमिनीला टेकणारा बुरखा संध्याकाळी विटकरी रंगाचा होऊन घरी येतो, तेव्हा घोट्याच्या वर राहील असं शिवलेलं घाला आणि पायात बूट. शर्यत लावायची असेल तर लावा. एका सफरीत रसूलुल्लाह (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी धावण्याची शर्यत लावली होती, हदीसच्या ग्रंथांत ती नोंद आहे. पहिल्यांदा हजरत आयेशा जिंकल्या, काही वर्षांनी लावली तेव्हा रसूलुल्लाह जिंकले. बायकोबरोबर मोकळ्या जागेत चालायला लाजणाऱ्या आपल्या कर्त्या पुरुषांनी ही रिवायत पुन्हा वाचायला हरकत नाही.

डबा घेऊ नका

आता मुख्य भांडण. आपल्याकडे सहल ठरली की लगेच कुणीतरी म्हणतं, "बाहेरचं कशाला? घरून खिमा-पराठे घेऊ." हे वाक्य बोलणारा माणूस पराठे लाटणारा नसतो. खिमा-पराठे म्हणजे पहाटे चारला उठणं, वीस माणसांच्या अंदाजाने कणीक मळणं, डबे भरणं, डबे वाहणं आणि रात्री घरी येऊन तेच तेलकट डबे घासणं. हे सगळं तिनेच करायचं असेल तर माथेरानला नेऊन तुम्ही तिचं काम फक्त 800 मीटर वर नेलंत. मग ती सहल कसली?

यात माकडंही माझ्या बाजूने आहेत. माथेरानची माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. पॉइंटवर डबा उघडला की पहिला घास त्यांचा. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या, खजुराचं एक पाकीट, लहान मुलाचं दूध आणि औषधं एवढंच असू द्या, आणि चेन बंद. वर पाणी महाग मिळतं, कारण तिथे प्रत्येक गोष्ट दस्तुरीपासून घोड्यावर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावरून जाते. हॉटेलातले भाव खालच्यापेक्षा चढे दिसले तर हेही आठवा.

पण डब्यामागे एक खरं कारण असतं आणि ते टाळून चालणार नाही. हलाल. ज्या घराने आयुष्यभर जपलं, त्याला एका दिवसाच्या मजेसाठी संशयाचा घास नको असतो. ते बरोबरच आहे. फक्त त्याचं उत्तर डबा हे एकच नाही. माथेरानमध्ये हा प्रश्न सोडवणं फार अवघडही नाही.

मुख्य बाजार महात्मा गांधी रस्त्यावर आहे आणि त्याच रस्त्यावर जामा मशीद. तिच्या बाजूने वर जाणारी पायवाट धरली की शब्बीरभाईंचं हॉटेल. प्रवासाच्या इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांतही त्याचं नाव आलं आहे आणि गावात ते 'बिर्याणीवाला' म्हणून ओळखलं जातं. चिकन, मटण आणि भाज्यांचीही बिर्याणी, जरा झणझणीत. बिर्याणी म्हणजे ब्रंच कसा, असं कुणी विचारलं तर वर लिहिलेलं शिळ्या बिर्याणीचं माझं मत त्याला वाचून दाखवा. फक्त बिर्याणीची हंडी तयार कधी होते ते पोहोचताक्षणी जाऊन विचारा आणि सांगून ठेवा. सकाळी नऊला सांगितलं तर फेरफटका मारून येईपर्यंत जागा आणि जेवण दोन्ही मिळायची शक्यता जास्त. डोंगरावरच्या छोट्या हॉटेलात सामान मोजून वर आलेलं असतं. दुपारी दीडला दहा माणसं अचानक उभी राहिली की मालकाचीही पंचाईत होते.

बाजारात सकाळी ऑम्लेट-पाव, भुर्जी, बन-मस्का, मिसळ, पोहे, वडापाव देणारी साधी हॉटेलं आहेत. अंड्यात हलालचा प्रश्न नाही. तवा कुठला, तेल कुठलं, हे ज्यांना विचारावंसं वाटतं त्यांनी विचारावं, पण विचारण्याचीही रीत असते. गल्ल्यावरून मोठ्याने "हलाल है क्या?" असं ओरडण्यापेक्षा आत जाऊन "चिकन कुठून येतं, भाऊ?" असं विचारलं की माणूस खरं काय ते सांगतो. मन मानलं नाही तर शुक्रिया म्हणून पुढे जा. त्याचाही अपमान नको, आपलाही नको.

शाकाहारी खाणं हा तिसरा रस्ता आणि माथेरानमध्ये तो सगळ्यात रुंद आहे. इथे गुजराती आणि मारवाडी पाहुण्यांची वर्दळ असल्यामुळे शुद्ध शाकाहारी हॉटेलं आणि रिसॉर्ट भरपूर. 'बाइक' नावाच्या समूहाची इथली रिसॉर्टं शाकाहारीच आहेत (मोटारबंदीच्या गावात हे नाव!). आपल्याकडे एक गैरसमज आहे की गोश्त नसेल तर मेजवानी झालीच नाही. गरम ढोकळा, फाफडा, पुरी-भाजी, बटाट्याचा रस्सा, जिलबी, वर आल्याचा चहा, आणि समोर दरी. एका रविवारी गोश्त नसल्याने कुणाचं काही बिघडत नाही, पाया पुढच्या रविवारी आहेच. सासूबाईंचा रक्तदाब आणि अब्बूंचं कोलेस्ट्रॉल यांनाही एक सुट्टी.

जुन्या बंगल्यांचे व्हरांडे

ब्रंचचं खरं सुख बसण्यात आहे. बाजारातल्या हॉटेलात खाल्लं की उठावं लागतं, मागे लोक उभे असतात. ज्यांना दोन तास व्हरांड्यात बसून चहावर चहा घ्यायचा आहे त्यांनी जुन्या हॉटेलांपैकी एखादं बघावं. लॉर्ड्स सेंट्रल हे पारशी घराण्याने चालवलेलं, पारशी जेवणासाठी नाव मिळवलेलं हॉटेल आहे. पारशी नाश्त्यातली अकुरी आपल्याला परकी वाटणार नाही. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून केलेली मऊसर अंड्याची भुर्जीच ती. बार हाउस हा इथल्या अगदी सुरुवातीच्या बंगल्यांपैकी एक. 'व्हरांडा इन द फॉरेस्ट' या नावाने तो हॉटेल म्हणून प्रसिद्ध झाला. उंच छत, लांबलचक व्हरांडा, चारी बाजूंना रान. नाव व्हरांड्यावरूनच पडलंय यात नवल नाही.

अशा ठिकाणी मात्र न सांगता जाऊन उभं राहायचं नाही. माथेरानच्या पुष्कळ हॉटेलांत राहणं आणि तिन्ही वेळचं जेवण असा एकत्र हिशेब असतो, स्वयंपाक राहणाऱ्यांच्या मापाने होतो. म्हणून दोन दिवस आधी फोन करा आणि चार गोष्टी विचारा. बाहेरच्या माणसांना जेवण देता का आणि किती वाजेपर्यंत? लहान मुलांचा दर काय? मांस कुठून येतं, आणि शाकाहारी किंवा अंड्याचा वेगळा बेत होईल का? जेवणाच्या जागी दारू दिली जाते का?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. शहरातल्या ब्रंचचा अर्धा गल्ला ग्लासावर चालतो, 'अनलिमिटेड' या शब्दाचा तिथला अर्थ पुष्कळदा तोच असतो. ज्या टेबलाशेजारी अकरा वाजता बाटल्या उघडतात तिथे मुलींना घेऊन बसायला कुणाला आवडेल? हा प्रश्न फक्त आपला नाही. तो विचारणारी इतर धर्मांची कुटुंबंही कमी नाहीत, आणि विचारणारे वाढले की हॉटेलवाले कुटुंबांसाठी वेगळी जागा ठेवतात.

मुक्कामाचा विचार असेल तर आणखी एक. माथेरानमधल्या काही हॉटेलांत खोली सोडायची वेळ सकाळी फार लवकर असते. शनिवारी रात्री राहून रविवारी निवांत ब्रंच करू असं मनात धराल आणि सकाळी आठला सामान बाहेर काढायची पाळी येईल. पैसे भरण्याआधी ही वेळ विचारून घ्या.

खाणं आटोपेपर्यंत जोहरची वेळ होते. जामा मशीद बाजारातच असल्यामुळे पुरुषांची सोय सरळ आहे. बायकांच्या नमाजसाठी आधी चौकशी करा, आणि पिशवीत एक पातळ जानमाज ठेवाच. जिथे जेवलात तिथल्या मालकाला एक कोपरा मागितला तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. काही जण विचारतात, सफर आहे तर क़स्र करायची का? कल्याण किंवा ठाण्याहून माथेरानचं अंतर त्या मर्यादेत बसत नाही. हनफी असा की आपल्या कोकणी घरांसारखे शाफई, ती मर्यादा 80 किलोमीटरच्या आसपास धरली जाते. तेव्हा जोहर पूर्ण चार रकात. आणि वुजूला पाणी जपून वापरा. डोंगरावरचं पाणी आहे, एका तांब्यात वुजू होतो.

मे महिन्यात गेलात तर गोड पदार्थ हॉटेलात मागवू नका. पायथ्याच्या आणि उतारावरच्या वाड्यांतल्या ठाकर, कातकरी बायका करवंदं आणि जांभळं घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या असतात. पानाच्या द्रोणातली काळी करवंदं, जिभेला चिकटणारी, हे त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं गोड. घासाघीस करू नका. ती टोपली घेऊन डोंगर चढून आलेली आहे, आपण टॅक्सीने. पावसाळ्यात भाजलेलं कणीस, थंडीत लिंबू-मीठ लावलेली काकडी. पॉइंटवरच्या टपऱ्यांत मॅगीही मिळते, पण मॅगी खायला घरी काय वाईट आहे?

मुलांच्या दृष्टीने दिवसाचा दुसरा भाग चिक्कीच्या दुकानांत जातो. शेंगदाण्याची, तिळाची, सुक्या मेव्याची, शिवाय फज. फजच्या बाजूला रंगीत जेली आणि मार्शमेलोची पाकिटं टांगलेली असतात, त्यांत जिलेटिन असतं. पाकिटावर ते कशाचं आहे हे लिहिलेलं नसेल तर चिक्कीच बरी. माथेरानच्या चामडी चपलाही चांगल्या निघतात, पण त्या घालून लगेच परतीची वाट चालायला लागू नका, टाचा सोलतात.

साडेतीनला आवरतं घ्या. शटल पकडा, दस्तुरीला शेअर टॅक्सीची रांग लागलेली असते, नेरळला येईपर्यंत पाच वाजतात. कर्जतहून येणारी रविवार संध्याकाळची लोकल भरलेली असते. बायका-मुलांनी महिला डब्यात चढावं, पुरुषांनी कल्याणला कुठे भेटायचं ते आधीच ठरवावं, कारण त्या गर्दीत मोबाइलचा आवाज ऐकू येत नाही. मगरिबच्या सुमारास घर. रात्रीच्या जेवणासाठी स्टेशनबाहेरून एक डझन अंडी आणि दोन लाद्या पाव घ्या, आणि ऑम्लेट मुलांना करू द्या. कांदा जाडा चिरला जाईल, एक-दोन जळतील. तिने उठायचं नाही.